बागवाडी खंय आसा?

मित्रांनो, मला चार चाकं आहेत, पण मी गाडी नाही. मला पाठ आहे, हात आहेत, पाय ठेवायला दोन पाटे आहेत, तरी कोणी मला दिवाणखान्यात मांडत नाही. आजारी माणसांना हिंडवणारी एक जुनी चाकांची खुर्ची, ती मी. सिंधुदुर्गात तोंडवलीच्या वाटेवर 'शेजार रुग्णसेवा मंडळ' नावाची एक छोटी संस्था आहे, मी तिच्या मालकीची. निदान परवापरवापर्यंत मला तसं वाटत होतं. आता मी नक्की कोणाची, हे मला धड सांगता येत नाही. माझा पार गोंधळ उडाला आहे आणि तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो मिरजेत होता की कोल्हापुरात, हे मला आठवत नाही. माझ्या नळ्या वाकवणारा माणूस सारखा पान खायचा, एवढं मात्र आठवतं. मी इथे आले तेव्हा माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात एक नाव होतं आणि पुढे 'यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं होतं. खाऱ्या हवेनं नाव खाल्लं आणि 'स्मरणार्थ' तेवढं ठेवलं. मी कोणाच्या स्मरणार्थ आहे, हे आज मंडळातही कोणी सांगू शकत नाही.

मंडळाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. हे मंडळ सात वाड्यांचं. चार वाड्या हिंदूंच्या आणि तीन ख्रिस्ती लोकांच्या. प्रत्येक वाडीचा एक माणूस मंडळावर. सध्या अध्यक्ष आहेत कोन्सेसांवबाई. वय झालं आहे, गुडघे दुखतात, पण जिभेला अजून कसलंही दुखणं नाही. सभा संपली की सभासदांपैकी गुरुदास गाऱ्हाणं घालतो. आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते झालं की दुसरे सभासद सेबॅस्टियन मास्तर प्रार्थना म्हणतात आणि तेव्हा गुरुदासही हात जोडून उभा राहतो. खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळते आणि नाताळाआधी पाद्री येऊन माझ्यावर पवित्र पाणी शिंपडतात. दोन्हीकडचे आशीर्वाद मिळालेली खुर्ची तालुक्यात दुसरी नसेल. पाहुणे आले की मंडळाची माणसं हे अभिमानाने सांगत, आणि मीही ताठ बसून ऐकत असे. म्हणजे मी नेहमीच ताठ असते, पण तेव्हा जरा जास्त.

मी कोणाच्या घरी जायचं, याची एक रीत होती. ज्या वाडीत आजारी माणूस, त्या वाडीच्या सभासदाने शब्द द्यायचा की मी निघाले. दुसऱ्याच्या वाडीबद्दल आपण बोलायचं नाही. तो ज्याचा त्याचा मान. आणि मानाला आमच्याकडे किती जपतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पालखीला आधी खांदा कोणी द्यायचा, यावरून इथे सख्खे भाऊ अबोला धरतात, तिथे खुर्चीची काय कथा.

त्या शब्दावर मी खूप फिरले. सारवलेल्या जमिनीत माझी चाकं रुतली आहेत, आणि नव्या फरशीवर माझे काळे ओरखडे उठले म्हणून मी बोलणीही खाल्ली आहेत. एका म्हातारीला मी नातीच्या लग्नात चर्चपर्यंत नेलं, तेव्हा करवल्यांनी माझ्या हातांना फिती बांधल्या. एका आजोबांना जत्रेत दशावतार बघायला नेलं, ते पहाटे माझ्यातच घोरत होते. लोक म्हणत, 'खुर्ची नसती तर काय केला असता?' असं कोणी म्हटलं की मला फार बरं वाटायचं.

पुढे माझं काम कमी झालं. बऱ्याच घरांनी स्वतःच्या चकचकीत खुर्च्या आणल्या. मी मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहिले. आधी माझ्यावर जुने बॅनर आले, मग सोललेले नारळ. माझं डावं चाक कुरकुरू लागलं. नारळांना माझ्यावर बसायला कोणाचा शब्द लागला नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

आणि मग विमला आली.

गुरुदासची वाडी आणि मास्तरांची वाडी यांच्या मधोमध एक मोठी आंब्याची बाग आहे. मालक मुंबईला असतात. बागेतल्या खोपीत विमला आणि तिचा नवरा राहतात. ही माणसं नेपाळची. आमच्याकडच्या कितीतरी बागांची राखण नेपाळी माणसंच करतात. विमलाच्या नवऱ्याला सगळा गाव बहादूर म्हणतो. सुकलेली फांदी छाटताना तो झाडावरून पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण बरेच महिने पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मालकांचा निरोप आला, 'मोहोर धरला की बागेत माकडं उतरतील. तोवर बहादूर बागेत दिसला नाही, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल आणि त्याला खोप द्यावी लागेल.' म्हणजे काम जाणार आणि डोक्यावरचं छप्परही जाणार. विमलाला कोणी तरी माझ्याबद्दल सांगितलं. खुर्चीत बसून का होईना, नवरा बागेत फिरेल, गोफण मारेल, डबा वाजवेल, असा तिचा साधा हिशेब.

ती गुरुदासकडे गेली. गुरुदास भला माणूस. तो म्हणाला, "बाये, माजी काय एक ना नाय. पण तुमची पायवाट मास्तरांच्या वाडयेतसून जाता. तेंच्या आधी मी कसो बोलू? तेंका वायट वाटात."

ती मास्तरांकडे गेली. सेबॅस्टियन मास्तर तर आणखी भले. शाळेतून निवृत्त झाले तरी वाटेतल्या पोरांना अजून खडीसाखर देतात. ते म्हणाले, "गो, तुमी पाणी पितात ता गुरुदासाच्या वाडयेतल्या बावडेचा. तेचो मान आसा. तो बोललो की मी लगेच व्हय म्हणतलंय."

विमला परत गुरुदासकडे गेली. मग परत मास्तरांकडे. दोघांनीही तिला चहा पाजला. दोघांनाही तिचं मनापासून वाईट वाटत होतं. दोघांच्याही मनात 'नाही' नव्हतं. मग मी जागची हलले का नाही? मित्रांनो, मी कोपऱ्यात नारळ सांभाळत याचा खूप विचार केला, पण मला काही उमगलं नाही. एखादा दुष्ट माणूस आडवा आला असता, तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

नाताळ झाला आणि मंडळाची सभा भरली. त्या सभेला मास्तरांचा मुलगा सॅविओ आला होता. तो इंग्लंडात एका सेवाभावी संस्थेत कामाला आहे. बसायला मंडळाच्या सातच खुर्च्या, म्हणून तो खिडकीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "थंय आता सगळ्या संस्थांका एक विचारतत. तुमच्या मंडळार वेगवेगळ्या वंशाची माणसां किती आसत? मदत घेणारे कोण आणि ठरवणारे कोण? तुमी कदी असो विचार केल्यात?"

खोलीत कोणाला काही कळेना. गुरुदास म्हणाला, "वंश म्हणजे? गोरे-काळे? अरे, हय आमी सगळे काळेच."

"माका धरू नको त्येच्यात," कोन्सेसांवबाई म्हणाल्या. सगळे हसले.

मास्तर जरा दुखावले होते. "चार हिंदू, तीन किरिस्तांव. गाऱ्हाणा आसा, प्रार्थना आसा. आणिक किती मिसळूचा रे?"

सॅविओ म्हणाला, "पप्पा, थंय माका एका मंडळार घेतल्यानी. पयल्या दिसाक मी खोलयेत गेलंय, तर एका बाईन माका चाय कदी येतली म्हणान विचारल्यान. ती वायट नव्हती. तिका वाटला, मी चाय घेवन इलंय."

आता कोणी हसलं नाही. मुलाचा अपमान झाला, एवढं तरी मास्तरांना कळलं. मग सगळे मनापासून कामाला लागले, वेगळा माणूस शोधायच्या. एकाने वेंगुर्ल्याचं कोणी तरी सुचवलं. दुसरा म्हणाला, वेंगुर्लेकर आपल्यासारखेच, त्यापेक्षा खारेपाटणचा माणूस घेऊ. खारेपाटण म्हणजे थेट जिल्ह्याच्या टोकाला, त्यांचं बोलणंसुद्धा निराळं. खारेपाटणचा माणूस सभेला येणार कसा आणि परत जाणार कसा, यावर चांगली चर्चा रंगली. मी कोपऱ्यातून बघत होते. दारात विमला उभी होती. सभा आहे असं कळल्यावर ती दोघांनाही एकत्र गाठायला आली होती, कारण एकत्र असले तर एकमेकांकडे पाठवता येणार नाही. ती आलेली सगळ्यांना दिसली होती. गुरुदासने तिला मानेने खूणही केली, 'थांब हां.' आणि चर्चा पुन्हा खारेपाटणला गेली.

सॅविओने तिला नीट पाहिलं आणि तो कठड्यावरून उतरला. "अरे, माणूस दारात उभा आसा आणि तुमी खंय शोधतात?" त्याला इतका आनंद झाला की त्याने तिला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. मग लक्षात आलं, बसायला काही नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यावरचे नारळ खाली ठेवले, मला पुढे ओढलं आणि विमलाला माझ्यावर बसवलं. वर मोबाइल काढून तिचा फोटोही घेतला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडधाकट माणूस माझ्यावर बसत नाही, तो अपशकुन समजतात. मुलांनी खेळता खेळता जरी माझ्यावर उडी मारली, तरी आया पाठीत धपाटा घालतात. आणि हिला मानाने आत बोलावून माझ्यावर बसवलं? ज्याच्याकडे इंग्लंडात चहा मागितला, त्यानेच? त्याला हे कळलं कसं नाही, याचा मला उलगडा झाला नाही. गुरुदास कासावीस होऊन म्हणाला, "गो बाये, उठ थंयसून. बरा नाय ता."

विमला उठली नाही. तिचं फोटोकडे लक्ष नव्हतं आणि शकुनाकडेही नव्हतं. ती माझं चाक हाताने पुढे-मागे करून बघत होती. ब्रेक लावून बघितला. वाकून माझे पाटे चाचपले. मग म्हणाली, "डावा चाक वाजता. तेल घातला की चलात. माका फोटो नको. ही खुर्ची होयी."

पुन्हा तेच सुरू झालं. गुरुदासने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी गुरुदासकडे.

"पायवाट तुमची मास्तर, तुमी सांगा."

"ना ना, पाणी तुजा. तुजो मान."

कोन्सेसांवबाई वैतागल्या. त्यांची वाडी पार खाडीपलीकडे, त्यामुळे रीतीप्रमाणे त्यांनाही बोलता येईना. त्यांनी हात झटकला. "सभा संपली. गुरुदास, गाऱ्हाणा घाल. तिच्या घोवासाठी देवाक तरी सांग. देवाक सांगूक कोणाचो मान आड येना नाय."

सगळे उभे राहिले. विमलाही माझ्यावरून उठून उभी राहिली. गुरुदासने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुजी लेकरां हय एकठय जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या पायाकडे एक मागणा आसा. ह्यो जो बहादूर..." आणि गुरुदास अडखळला. गाऱ्हाण्यात माणसाचं खरं नाव घ्यावं लागतं. इतकी वर्षं हा माणूस बाग राखत होता, पण त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. गाऱ्हाणं मध्येच तोडता येत नाही. तोडलं तर घालणाऱ्यावर उलटतं, असं मानतात.

"जितेंद्र," विमला हळूच म्हणाली.

"ह्यो जो जितेंद्र, तेचो पाय मोडलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेका बरो कर. तेची अस्तुरी विमला, ही आज तुज्याकडे पदर पसरता म्हाराजा. ही विमला, वाडी..."

तो पुन्हा अडखळला. वाडी सांगितली नाही तर देव जायचा कोणाच्या दारात? गुरुदासने एक डोळा उघडून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नेहमीच्या सवयीने हात पुढे करून, 'तुझी, तुझी' अशी खूण केली. गुरुदासने मान हलवली, 'नाही, तुमची.' बाकी सगळे डोळे मिटून उभे होते, त्यामुळे या दोघांची मुक्याने चाललेली ओढाताण फक्त मला आणि विमलाला दिसत होती.

"बागेतली," विमला म्हणाली.

"बागवाडयेतली विमला म्हाराजा," गुरुदास एका दमात म्हणाला.

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले. मास्तर म्हणाले, सॅविओही म्हणाला.

गाऱ्हाणं संपलं. प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे उघडले आणि मग हळूहळू त्यांना कळलं की आपण कशाला व्हय म्हटलं आहे. बागवाडी नावाची वाडी गावात नाही. कधी नव्हती.

"बागवाडी खंय आसा?" कोणी तरी विचारलं.

"माज्या तोंडातसून सुटला," गुरुदास कसाबसा म्हणाला.

कोन्सेसांवबाई खाली बसल्या आणि त्यांनी गुडघा चोळला. "सुटला मा? मगे देवासमोर उभो रव आणि परत घे. घेतंस?"

गुरुदासने कानाला हात लावले. देवाला सांगितलेलं परत कोण घेईल?

"मगे वाडी झाली. आणि वाडी झाली म्हणजे वाडयेचो माणूस मंडळार बसतलो. ही रीत तुमचीच, माजी नाय." बाई विमलाकडे वळल्या. "बाये, तुज्या वाडयेत कोण पेशंट आसा?"

विमला गोंधळून सगळ्यांकडे पाहत राहिली. ती आली होती खुर्ची मागायला, आणि इथे तिला वाडी मिळाली, सभासदपण मिळालं. "आसा," ती म्हणाली.

"मगे तुजो शब्द दी."

"दिलंय," विमला म्हणाली.

त्या संध्याकाळी मी बागेत गेले.

जितेंद्रला मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. तो माझ्यावर बसला तेव्हा मला फक्त वजन कळलं. मित्रांनो, मला नेहमी तेवढंच कळतं. चार हिंदू की तीन ख्रिस्ती, हा कुठला आणि तो कुठला, हे मला वजनावरून आजपर्यंत ओळखता आलेलं नाही. सॅविओ ज्याला वंश म्हणत होता, तो माणसाच्या कुठल्या भागात असतो, हेही मला माहीत नाही. पण सगळे तो इतक्या सहज ओळखतात की चूक माझीच असावी.

मोहोर धरला, कैऱ्या लागल्या, माकडं उतरली. विमला मला झाडाझाडाखाली ढकलत न्यायची आणि जितेंद्र गोफण फिरवायचा. त्याचा नेम चांगला होता असं म्हणवत नाही. एकदा दगड मास्तरांच्या कौलावर जाऊन पडला. पण माकडांना त्याच्या आवाजाची भीती वाटायची. मालक आले, त्यांनी त्याला बागेत फिरताना पाहिलं. त्यांना हे आवडलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही, पण दुसरा माणूस आणायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. खोप राहिली. माझ्या चाकांना आंब्याचा चीक लागला, काडीकचरा चिकटला, आणि मी कित्येक वर्षांत नव्हते इतकी सुखी होते. लोक आता वाटेने जाताना त्याला जितेंद्र म्हणून हाक मारायचे. काही जण विसरून बहादूर म्हणायचे, मग जीभ चावायचे.

आंबे संपले. जितेंद्र काठी घेऊन चालू लागला. विमलाने मला घासूनपुसून, चाकात तेल घालून मंडळाच्या खोलीत परत आणलं. त्या दिवशी सभा होती, तिची सभासद म्हणून पहिली.

मला धास्ती होती की आजही हिला माझ्यावरच बसवतील. पण खोलीत पाहते तर सात खुर्च्यांच्या शेजारी आणखी दोन. एक शिसवी, मास्तरांच्या घरची. एक वेताची, गुरुदासच्या घरची. विमलाला बसायला काही नसेल म्हणून दोघांनीही एकमेकांना न विचारता घरून एकेक खुर्ची उचलून आणली होती. आता दोघंही ती कोणत्या खुर्चीवर बसते, हे बघत उभे होते. मानाची गोष्ट होती ना.

विमलाने मला कोपऱ्यात लावलं, माझा ब्रेक ओढला आणि दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. मग ती वेताच्या खुर्चीवर बसली. मास्तरांचा चेहरा पडला. विमलाने शिसवी खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, ही हयच रवांदे. जेटीवर ओडिशाचे खलाशी आसत. तेंच्यातल्या एकाचो हात होडयेच्या दोरीत गावलो, महिनो झालो. तेंच्यासाठी कोण बोलना नाय. तेंचो माणूस हय बसतलो."

हे तर कोणाच्याच डोक्यात नव्हतं. शेवटी कोन्सेसांवबाईंनी विचारलं, "आणि तेंची वाडी खंयची?"

विमला गुरुदासकडे वळली. "गाऱ्हाणा घाला," ती म्हणाली, "मगे कळात."

मित्रांनो, माझी गोष्ट इथवर आली आहे. शेवटी काही शिकवावं अशी रीत आहे, पण माझ्याच डोक्यात एवढा गोंधळ असताना मी तुम्हांला काय शिकवणार? आमच्यासारख्या जुन्या खुर्च्यांच्या चाकांना अधूनमधून तेल द्या. आमच्यावर नारळ ठेवू नका. आणि कोणाला आत या म्हणालात, तर ते बसणार कशावर, हे आधी बघा. एवढं मला नक्की ठाऊक आहे. बाकीचं मला अजून कळायचं आहे.

गुरुदास उठला. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी या वेळी काही खूण केली नाही, नुसते हात जोडले. सगळे उभे राहिले. गुरुदासने डोळे मिटले, घसा खाकरला, आणि मग एक डोळा उघडून विमलाला हळूच विचारलं, "गो, त्या खलाशाचा नाव काय?"